नेगोरोसानचा बेस कुठे गेला

आमच्या स्टुडिओत बेस गिटारचा आवाज टिपायच्या दोन पद्धती होत्या, आणि त्या दोन पद्धती एकमेकींशी बोलत नसत.

पहिली मुकाईसानची. गिटारची केबल एका छोट्या डब्यात खोचायची आणि डब्यातून सरळ कन्सोलला जोडायची. मध्ये अँप नाही, माइक नाही, खोली नाही. "मध्ये जे काही येतं ते खोटं असतं," मुकाईसान म्हणत.

दुसरी हिराओकासानची. गिटार अँपला जोडायची, अँपच्या पुढ्यात माइक ठेवायचा आणि दोघांना मिळून गाद्यांमध्ये गुंडाळायचं. स्टुडिओ कजितानींच्या गाद्यांच्या दुकानावर होता, त्यामुळे गाद्यांना तोटा नव्हता. "हवा हललीच नाही तर त्याला आवाज कोण म्हणेल?" हिराओकासान म्हणत. "मुकाई करतो ते ध्वनिमुद्रण नव्हे, वीजमंडळाचं काम आहे."

दोघंही ओसाकातल्या रेडिओवर एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेले. गुरू गेले, आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणात गुरूंची खरी पद्धत कोणती यावरून दोघांची जुंपली. तेव्हापासून ते एका खोलीत बसले तरी थेट बोलत नसत. मध्ये एक माणूस लागे. तो माणूस म्हणजे मी, निशिवाकी. नावाला मी यंत्रदुरुस्तीसाठी नेमलेली होते.

एरवी दोघं वेगवेगळ्या दिवशी येत. त्या ऑगस्टमधल्या मंगळवारी मात्र स्टुडिओ आणि खालचं दुकान दोन्ही चालवणाऱ्या मालकीणबाईंनी दोघांनाही बोलावलं होतं. एकाला सांगून दुसऱ्याला न सांगणं शक्य नव्हतं, कारण त्या दिवशी नेगोरोसानचं पुढचं आयुष्य ठरायचं होतं.

नेगोरोसान आमचे बेस वादक. कॅबरेच्या बँडमध्ये तरुणपण काढलेले, डोक्यावर विरळ केस, आणि हाताची बोटं इतकी जाड की चहाचा कप उचलताना कपाचीच काळजी वाटावी. ओसाकात तयार होणाऱ्या निम्म्या एन्का गाण्यांत, म्हणजे नाविकांच्या बायका बंदरावर रडतात त्या गाण्यांत, खाली जे गंभीरपणे चालत असतं ते नेगोरोसान. पण तोक्योच्या रेकॉर्ड कंपनीने ठरवलं होतं की यापुढे बेस कीबोर्डवर वाजवायचा. कीबोर्ड वेळेवर येतो, त्याला कंबरदुखी नसते. मालकीणबाईंनी फोनवर इतक्या वेळा "तेवढं एकदा ऐकून घ्या" म्हटलं की शेवटी कंपनीचे सुगायासान तयार झाले. दुपारी येऊन एक गाणं ऐकणार. आवडलं तर पूर्ण एलपी नेगोरोसानची. नाही तर कीबोर्ड. आणि ही कंपनी करते ते बाकीच्या कंपन्या महिन्याभरात करतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्या मेहुण्याचं साकाईला ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे," नेगोरोसान सकाळी आल्या आल्या म्हणाले. "गल्ल्यावर बस म्हणतोय. एप्रनसुद्धा शिवून ठेवलाय. नाव घालून."

"अहो, कसला एप्रन!" मालकीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखा बेस अख्ख्या कान्साई प्रांतात कोणी वाजवत नाही."

"तुम्ही आपलं बरं वाटावं म्हणून म्हणता."

"छे छे, खरंच."

"हो, असंच म्हणतात," नेगोरोसान उदासपणे म्हणाले आणि गिटारची पेटी उघडायला लागले.

कोणाची पद्धत वापरायची हे मालकीणबाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं. "दोघांचीही घ्यायची. एका वेळी दोन्ही मुद्रित करायच्या आणि अर्ध्या-अर्ध्या मिसळायच्या. आणि अर्धं म्हणजे अर्धं हं, पोरी. सुईभरसुद्धा इकडेतिकडे नको. माझ्या घरात दोघांचा मान सारखा."

सारखेपणा मला जमतो. मी आवाज मोजणारे दोन्ही काटे इतके तंतोतंत एका पातळीवर आणले की दोन्ही हलताना एकच काटा आरशात दिसतोय असं वाटावं. नंतर कळलं की सगळ्यात मोठं नुकसान माझ्या या काटेकोरपणाने केलं.

टेप सुरू करायच्या आधी आम्ही वातानुकूलन बंद केलं, कारण ते गुरगुरत असे. खोली लगेच तापली. आत अँप तीन गाद्यांखाली. बाहेर मुकाईसान, त्यांच्या हातात अमेरिकेहून मागवलेला नवा डबा, आणि लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा ते तो पुसत होते.

बाकीची वाद्यं आधीच टेपवर होती; त्यांच्यावर नेगोरोसाननी गाणं वाजवलं. काचेपलीकडे त्यांचे डोळे मिटलेले, ओठ जरासे पुढे आलेले.

आधी मी मुकाईसानची बाजू ऐकवली. स्वच्छ, घट्ट, प्रत्येक स्वराची कड दिसत होती.

मग हिराओकासानची. गरम, गोल, पोटात उतरणारी.

मग दोन्ही एकत्र केल्या, आणि बेस नाहीसा झाला.

पूर्ण नाही. तारेवर बोट घासल्याचा आवाज राहिला, आणि त्याखाली मच्छरदाणीबाहेर डास फिरावा तसं काहीतरी. ड्रम होते, बाजा होता, नाविकाची बायको रडेल ती रिकामी जागाही होती. फक्त खालची जमीन कोणी काढून नेली होती.

मी टेप थांबवली.

"निशिवाकी," मुकाईसान माझ्याकडे बघत म्हणाले, "हिराओकासानना विचार, की त्यांच्या गाद्या माझा आवाज शोषताहेत का?"

हिराओकासान दोन हातांच्या अंतरावर बसले होते. "निशिवाकी, मुकाईसानना सांग, गादीत आवाज शिरतो, पण दुसऱ्याच्या तारेतला आवाज ओढून घेणारी गादी अजून कजितानींकडे आलेली नाही. आली की मी पहिली विकत घेईन."

"निशिवाकी, त्यांना म्हणावं, एकटा माझा आवाज चांगला आहे. त्यांचा मिसळला की जातो. यावरून शाळेतलं पोरही काय ते ओळखेल."

"निशिवाकी, नेमकं हेच मी उलट बाजूने म्हणतोय असं सांग."

"त्यांनी ऐकलं असेल," मी म्हणाले.

"तरी सांग," दोघं एकदम म्हणाले.

काचेच्या पलीकडून नेगोरोसाननी मान वर केली. त्यांच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये हेच मिसळलेलं ऐकू येत होतं. "मी जरा हळू वाजवलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही, फार सुंदर!" मालकीणबाई, मुकाईसान आणि हिराओकासान तिघांनी सांगितलं.

"मग जरा जोरात घेतो."

त्यांनी जोरात वाजवलं. डास थोडा जवळ आला. त्यांनी आणखी जोर लावला, कपाळावरून घाम ओघळला, तार फळीवर आपटून खडखडली. खडखड स्पष्ट ऐकू आली. स्वर आला नाही. मग त्यांनी वाजवणं थांबवलं आणि उजव्या हाताची बोटं डोळ्यांसमोर धरून एकेक करून वाकवून पाहिली. दुकानातून आणलेला बल्ब लागत नाही तेव्हा माणूस तो कानाशी हलवून बघतो, तसं.

माझा पहिला अंदाज चुकला. मला वाटलं, माइक अँपपासून थोडा लांब असल्यामुळे त्याचा आवाज उशिरा पोचतोय. मी गाद्यांत शिरून माइक पुढे सरकवला, मग मागे, मग पुन्हा पुढे. बाहेर आले तेव्हा मी उकडून निघाले होते आणि बेस होता तिथेच, म्हणजे कुठेच नव्हता.

मग दोघं वडीलधारे सिगारेट ओढायला गेले. मुकाईसान पुढच्या जिन्यात, हिराओकासान मागच्या. मालकीणबाई खाली दुकानात, नेगोरोसान संडासात. खोलीत मी एकटी. कन्सोलवर प्रत्येक रांगेच्या वर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की त्या रांगेतला आवाज उलटा होतो आणि बटणाशेजारी लाल दिवा लागतो. पुन्हा दाबलं की दिवा जातो, आवाज पूर्ववत. मी टेप लावली आणि मुकाईसानच्या रांगेचं बटण दाबलं.

बेस आला. तो असा आला की टेबलावरच्या जवाच्या चहात गोल लाटा उठल्या.

जिन्यात पावलं वाजली. मी बटण पुन्हा दाबलं, दिवा गेला, डास परत आला.

कारण साधं होतं. एकाच दाराला दोन माणसं दोन बाजूंनी सारख्या जोराने ढकलत होती. प्रत्येक जण आपल्या परीने खरोखर ढकलत होता, पण दार हलत नव्हतं. मुकाईसानचा नवा डबा अमेरिकेचा. त्या जोडणीला तीन टाचण्या असतात. तिकडे आवाज दुसऱ्या टाचणीवरून येतो आणि आमच्याकडे, कोणी ठरवलं देव जाणे, तिसरीवरून. डब्यातला आवाज आमच्या कन्सोलला उलटा पोचत होता. आणि मी दोघांची पातळी तंतोतंत सारखी ठेवल्यामुळे एकाने दुसऱ्याला पुरतं खाल्लं होतं. थोडा पक्षपात केला असता तर थोडा बेस तरी उरला असता.

मी खाली जाऊन मालकीणबाईंना बाजूला घेतलं. त्या एका गिऱ्हाइकाला उशी दाबून दाखवत होत्या.

"उलटा म्हणजे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"सदरा उलटा घालतो ना, तसा. एकाने सुलट घातलाय, दुसऱ्याने उलट. एकाचा फिरवला की झालं."

"कोणाचा?"

"कोणाचाही चालेल. दोघांची दिशा एक झाली की पुरे. पण तसं पाहिलं तर डबा मुकाईसानचा—"

"शू!" त्यांनी उशी माझ्या तोंडापुढे धरली. "मुकाईसानना उलटा म्हणायचं? हिराओकासानसमोर? आणि तो लाल दिवा त्यांच्याच डोक्यावर लागणार? अगं, ते मेले तरी परत येणार नाहीत."

"मग हिराओकासानचं दाबू?"

"त्यांनी काय पाप केलंय?" त्यांनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "दोघांचं दाब."

"दोघांचं?"

"दोघांचे दिवे लागतील. कोणी कमी नाही, कोणी जास्त नाही."

"मालकीणबाई, दोघांनी सदरे फिरवले तर पुन्हा एक उलट आणि एक सुलटच राहणार."

"तू एकदा दाबून तर बघ. सगळं कागदावर कळत नाही."

आम्ही वर गेलो आणि दोन्ही बटणं दाबली. दोन लाल दिवे शेजारी-शेजारी शोभून दिसत होते. नेगोरोसाननी वाजवलं. डास.

"मग दोन्ही बंद कर," मालकीणबाई म्हणाल्या. मी बंद केली. डास.

"काय चाललंय?" मुकाईसाननी मला विचारलं.

"दिवे तपासतेय," मी म्हणाले.

मालकीणबाईंनी मला दारापाशी गाठलं. "काय वाट्टेल ते कर, पण कोणाला कळता कामा नये. आणि सुगायासान यायच्या आत."

जेवणाची वेळ झाली. समोरच्या दुकानातून उदोनच्या जाड शेवयांचे वाडगे आले. मी माझा वाडगा झाकून दुरुस्तीच्या खोलीत गेले, मुकाईसानच्या डब्यापासून भिंतीपर्यंत जाणारी केबल घेतली, तिच्या टोकाच्या दोन तारा डाग काढून अदलाबदल करून पुन्हा डागल्या आणि केबल होती तशी गुंडाळून जागेवर ठेवली. बाहेरून काही दिसत नव्हतं. कोणाचा दिवा लागला नव्हता, कोणाचा अपमान झाला नव्हता. मला स्वतःबद्दल बरं वाटलं. आता एकदा वाजवून बघायचं, इतकंच.

पण वाजवणारा जागेवर नव्हता.

नेगोरोसान मला रस्त्यापलीकडच्या कॉफीच्या दुकानात सापडले. पंख्यासमोर बसले होते. पुढ्यात बर्फाचा चुरा, लिंबाच्या पाकातला, सगळा वितळलेला. बोटं ग्लासाभोवती होती.

"नेगोरोसान, चला. सुगायासान येतील."

"निशिवाकीसान, माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. ते टाटामीच्या गवती चटया विणायचे. एके दिवशी टाका बसेना. हात तेच, सुई तीच."

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही. विजेची अडचण होती. मी ती काढली."

"हं." ते हसले. "मालकीणबाईंनी सांगायला सांगितलं?"

"नाही. हे मी माझं सांगतेय. दोन आवाज एकमेकांच्या विरुद्ध—"

"तुम्ही फार चांगल्या आहात." त्यांनी मान झुकवली. "कॅबरेत आमचा एक ट्रंपेटवाला होता. त्याचे दात गेले. आम्ही सगळे त्याला सांगायचो, हवेत दमटपणा आहे हो आज. दोन वर्षं आम्ही त्याला हवेबद्दल सांगत होतो."

"पण आत्ता खरंच वीज आहे!"

"हो हो. वीजच."

तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की आमच्या इमारतीत खरं आणि बरं वाटावं म्हणून सांगितलेलं यांचे शब्द एकच आहेत. या माणसाला खरं सांगायला माझ्याकडे वेगळा शब्दच नव्हता. आणि बोटं गेली अशी समजूत घेऊन तो वाजवायला बसला, तर वीज सुधारूनही काही उपयोग नव्हता. शेवटी ते उठले; रस्ता ओलांडतानाही त्यांचे हात खिशात होते, कोणाला दिसू नयेत असे.

आम्ही जिन्याशी पोचलो आणि त्याच वेळी टॅक्सी थांबली. सुगायासान उतरले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, आणि त्या उकाड्यात घामाचा थेंब नाही. वर येऊन त्यांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला, मालकीणबाईंनी दिलेला थंड टॉवेल हाताला लावला आणि परत घडी घालून ठेवला.

"मला टेपवरचा बेस नको," ते म्हणाले. "वाजवतानाच ऐकेन. पाचच्या गाडीचं तिकीट आहे."

चाचणी राहिली ती राहिलीच. पण केबलची मला खात्री होती.

नेगोरोसान काचेपलीकडे गेले. मुकाईसान आणि हिराओकासान खोलीच्या दोन टोकांना उभे. आज दोघांच्याही चेहऱ्यावर एक समाधान होतं, ते मला विचित्र वाटलं. मालकीणबाई तर चक्क हसत होत्या. ड्रमची टेप सुरू झाली, नेगोरोसाननी डोळे मिटले.

डास.

सुगायासाननी मान थोडी तिरकी केली. "अच्छा," ते म्हणाले. तोक्योच्या माणसाने असं "अच्छा" म्हटलं की समजावं, आता पाणी डोक्यावरून गेलं. "फार… हलकं आहे. आधुनिक आहे. पण आमच्या गायिकेला खाली काहीतरी आधार लागतो." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आपण तसदी घेतलीत, आभारी आहे."

काचेपलीकडे नेगोरोसाननी वाजवणं थांबवलं. ते गिटारचा पट्टा खांद्यावरून काढायला लागले.

"थांबा!" मी म्हणाले. "चूक माझी आहे. मी दुपारी केबलच्या तारा बदलल्या. बेस उलटा येत होता तो सुलट करायला. मग हे असं व्हायला नको होतं. पण मी बदलल्या, हे खरं."

"तू?" मुकाईसान पांढरे पडले. "तू का? मी… मी जेवताना डबा उघडून आतल्या तारा फिरवल्या. सकाळीच माझ्या लक्षात आलं होतं की अमेरिकेचा डबा उलटा आहे. तेवढं कोणाला… म्हणजे, सांगण्यासारखं नव्हतं ते."

मी बोटांवर मोजलं. केबल एकदा, डबा एकदा. दोनदा फिरवलेला सदरा पुन्हा उलटा. "म्हणजे आपण दोघांनी एकमेकांचं काम पुसलं," मी म्हणाले. "ठीक आहे. कारण सापडलं. आता एकच—"

हिराओकासान खोकले. "निशिवाकी. मुकाईसानना सांग…" ते थांबले. "सांग की डबा उलटा आहे हे मीही ओळखलं होतं, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी अँपच्या मागच्या तारा फिरवल्या. गादीत शिरून. म्हटलं, उलटं मीच व्हावं, कोणाला कळायचं नाही."

मी पुन्हा मोजलं. तीनदा. मग सदरा सुलट असायला हवा. मग बेस यायला हवा होता.

आम्ही तिघांनी एकदम मालकीणबाईंकडे पाहिलं.

"मी काही तारांना हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "मला तारांतलं काय कळतं? मी फक्त एक बटण दाबलं."

"कोणाच्या रांगेचं?"

"ते मला कसं माहीत असणार? डोळे मिटून दाबलं. भेदभाव नको म्हणून."

"पण दिवा लागलेला दिसत नाही," मी कन्सोलवर वाकून म्हणाले. मग दिसलं. दोन्ही रांगांच्या दिव्यांवर जखमेवर लावायच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्वचेच्या रंगाच्या, नीट, समान लांबीच्या.

"दोघांच्याही दिव्यांवर लावल्या," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हणजे कोण, ते मलाही कळू नये."

सुगायासान हातातली बॅग खाली ठेवून आमच्याकडे बघत होते. वर्गात मुलं काय करताहेत हे दारातून बघणाऱ्या मास्तरांसारखे.

आणि मग आम्हाला सगळ्यांनाच एकदम शरम वाटली. मुकाईसान "माझंच चुकलं" म्हणत डब्याकडे धावले, स्क्रूड्रायव्हर घेऊन. हिराओकासान "नाही, माझं" म्हणत गाद्यांत शिरले, त्यांचे फक्त पाय बाहेर. मालकीणबाईंनी कन्सोलकडे हात नेला. माझाही हात केबलकडे गेला होता, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चौघांनी आपापलं काढून घेतलं तर आपण सकाळी जिथे होतो तिथे परत जाऊ.

"कोणीही कशालाही हात लावू नका!" मी ओरडले. मी त्या स्टुडिओत कधी ओरडले नव्हते. हिराओकासानचे पाय हलायचे थांबले. "एकच बदल हवा. एकच! कोणाचाही. दुसरा कोणी केला तर पुन्हा सगळं जाईल."

"मग माझा कर," मुकाईसान म्हणाले. "उलटा मीच होतो."

गादीतून आवाज आला. "मुकाई, वेड्यासारखं बोलू नकोस. तू नेहमी मोठेपणा घ्यायला पुढे. माझा करा."

"हिराओका, तू आधी गादीतून बाहेर ये, मग बोल."

"तू आधी डबा खाली ठेव."

दोघं थेट बोलत होते. मध्ये मी उभी होते आणि माझी कोणालाच गरज नव्हती. हे दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि मी ते लक्षात आणून दिलं नाही.

दार उघडलं. नेगोरोसान गिटारसकट बाहेर आले, मागे गिटारची लांब केबल फरफटत. हेडफोन गळ्यात होते. आमचा आवाज काचेपलीकडे पोचवणारं बटण कोणी बंद केलं नव्हतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण चेहरा अजून तसाच होता.

"माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना किती त्रास," त्यांनी वाकून म्हटलं. "कृपा करा, आपसात भांडू नका. कोणाला तरी उलटं करायचंच असेल तर मला करा. माझ्या गिटारच्या आतल्या तारा फिरवा. चूक माझ्याकडे येऊ द्या."

मी दिवसभर उकडत होते, उदोन खाल्लं नव्हतं आणि घसा ओरडून बसला होता. मी विचार न करता बोलले.

"तुम्हाला फिरवून काय होणार? तुमच्यापासून तर दोन्ही वाटा निघतात. तुम्ही उलटे झालात की दोघंही उलटे होणार, आणि बेस होता तसाच गायब राहणार. तुमचा यात काहीही उपयोग नाही, नेगोरोसान. तुम्ही वाजवता, बस्स. बाकी तुमचा काही संबंधच नाही."

मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. आमच्याकडे कोणी वडीलधाऱ्या माणसाला "तुमचा काही उपयोग नाही" असं म्हणत नाही. त्याची अंत्ययात्रा चालू असली तरी म्हणत नाही.

नेगोरोसान माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या.

"माझा काही संबंध नाही?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"बोटांचा?"

"बोटांचा विषयच कुठे येतो यात!"

"बघा," ते मालकीणबाईंकडे वळून म्हणाले, "या मला असं तोंडावर बोलल्या. म्हणजे खरंच असणार."

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी उजव्या हाताने सगळ्यात जाड तार छेडली, मोकळी. मोकळ्या तारेला डावा हात लागत नाही. स्पीकरमधून डास आला. त्यांनी डावा हात कन्सोलवर नेला.

"कोणतं दाबू?" त्यांनी मला विचारलं.

"दोन्हींपैकी कोणतंही. एकच."

"कोणाचं आहे ते सांगू नका."

"नाही सांगत. दिव्यांवर पट्ट्या आहेत, दिसणारही नाही."

त्यांनी अंगठा ठेवला आणि दाबला.

मी काही ऐकलं असं म्हणता येणार नाही. आधी पायांना कळलं. मग खिडकीच्या काचेला. हिराओकासान गादीतून बाहेर आले, केस उभे राहिलेले, आणि मुकाईसानच्या शेजारी येऊन उभे राहिले, कारण खोलीत ऐकायला सगळ्यात चांगली जागा तीच होती. नेगोरोसाननी दुसरी तार छेडली, मग दोन्ही हातांनी गाण्याची पहिली ओळ घेतली. घट्टही होती आणि गोलही.

सुगायासाननी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"हा माणूस मघाशी कुठे होता?" त्यांनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन मागितला, तोक्योला लावला आणि म्हणाले, कीबोर्डवाल्यांना कळवा, या एलपीला त्यांनी यायची गरज नाही. हो, पूर्ण एलपी. नाही, मला ऊन लागलेलं नाही. फोन ठेवून ते आमच्याकडे वळले. आम्ही चौघं ओळीत उभे राहिलो.

"माझी एक अट आहे," ते म्हणाले. "शेवटचं गाणं होईपर्यंत या खोलीत कोणीही काहीही दुरुस्त करायचं नाही. चांगल्या मनाने तर मुळीच नाही."

आम्ही चौघं एकदम वाकलो. वाकलेल्या स्थितीत मुकाईसान हळूच म्हणाले, "ऐकलंस ना, हिराओका? कड कशी येतेय बघ. ती माझी."

"आणि ती कड ज्यावर उभी आहे ते?" हिराओकासान म्हणाले. "ते कोणाचं?"

सुगायासाननी गाडीचं तिकीट बदलून घ्यायला सांगितलं. टेप फिरत नव्हती, गाणंही सुरू नव्हतं, आणि कोणीतरी वातानुकूलन पुन्हा चालू केल्यामुळे ते गुरगुरत होतं. नेगोरोसान तरी वाजवतच होते, कन्सोलला पाठ टेकून, बोटांकडे न बघता. त्यांना थांबा म्हणायला हवं होतं. पण आज त्यांना जेवढं तोडून बोलायचं तेवढं माझं बोलून झालं होतं.